डाव्या पुढच्या चाकाची काळी भुकटी

भंगारात जायच्या गाडीची चाकं कोणी धुतं का? यार्डातल्या मिस्त्रीने तेच विचारलं.  काकाने बादली उचलली, पाण्याची नळी ओढली आणि तो शेडच्या मागच्या कोपऱ्यात गेला. तिथे त्याच्या लेकीची गाडी वीस दिवस उभी होती. गाडी न्यायला बाराला क्रेन येणार होती.

काका गाड्या धुणारा, पण फक्त चाकांपुरता. बाकीची गाडी कोणीही धुवावी, पाणी मारलं की झालं. चाकांवर बसते ती ब्रेकची भुकटी, तिचं काम वेगळं. ब्रेक दाबला की आतली चकती घासते, लोखंडाची काळी पूड उडते आणि गरम गरम चाकाला चिकटते. वेळेवर काढली नाही तर आत मुरते. मग शहाणी माणसं तारेच्या घासणीने खरवडतात, चाकाचं वाटोळं करतात आणि तोंड पाडून काकाकडे येतात. काका आधी त्यांची खरडपट्टी काढायचा, मग काम घ्यायचा.

त्याची पद्धत ठरलेली. आधी पालथा हात चाकाला लावून बघायचा. गरम असेल तर बसून राहायचं, मालक कितीही नाचो. गरम चाकावर औषध सुकतं आणि डाग जन्माचा बसतो. थंड झालं की पाणी, मग औषध. औषध लोखंडाला लागलं की जांभळं होऊन ओघळतं. मग मऊ ब्रश, नटांच्या खाचांत बोटाएवढा ब्रश, आणि सुकायच्या आत धुऊन टाकायचं.

भुकटी बघून तो चालवणारा ओळखायचा. हा भित्रा, हा उतावळा, ह्याला घरी कोणी विचारत नाही. लेकीचं डावं पुढचं चाक कायम सगळ्यात काळं.

"ब्रेक दाबतेस की सूड घेतेस गं?" तो दर वेळी म्हणायचा.

"थांबते तरी मी. तुमच्या तोंडाला कुठे ब्रेक आहे?" ती म्हणायची, आणि बाप-लेक दोघंही हसायची.

वीस दिवसांपूर्वी ती आली तेव्हा हसली नव्हती. भर दुपार होती. मागच्या सीटवर कपड्यांची बॅग होती.

"बाबा, चार दिवस येऊ का राहायला?"

"भांडलात?"

तिने मागचं दार उघडून बॅगेचा पट्टा धरला.

"भांडणं सगळ्यांची होतात. बॅग उचलून निघायचं नसतं. आपल्या घरी जा."

ती तशीच उभी राहिली. काकाला राग आला होता. तिचा, जावयाचा, कोणाचा ते त्यालाही सांगता आलं नसतं. हाताला चाळा हवा म्हणून त्याने तिच्या गाडीची चारही चाकं धुतली. तेवढ्या वेळात ती परत एकदा म्हणाली, "बाबा..." त्याने मान वर केली नाही. मग ती निघून गेली.

यार्डाच्या फाटकातून बाहेर पडलं की लगेच उतार लागतो. उताराच्या तळाशी पुलाची दगडी भिंत आहे. गाडी आदळल्याचा आवाज काकाने शेडमध्ये ऐकला तेव्हा त्याच्या हातात ब्रश तसाच होता.

नंतर जावयाचा फोन आला. "बाबा, पोलिसांच्या कागदात लिहिलंय. रस्त्यावर ब्रेकची एक खूण नाही. तिने दाबलाच नाही ब्रेक." मग म्हणाला, "तुम्ही काय बोललात तिला त्या दिवशी?"

वीस दिवस काकाच्या घशाखाली घास उतरला नव्हता तो ह्या एका गोष्टीपायी. तिने दाबला होता की नाही? नसेल दाबला तर तिला मारणारी भिंत नव्हती, बाप होता. आणि हे सांगणार कोण? वाचता येण्यासारखं एकच शिल्लक होतं. पुढचा उजवा कोपरा चेपून गेला होता, पण डावं पुढचं चाक धड होतं. ती निघायच्या आधीच ते धुतलेलं, म्हणजे तिने ब्रेक दाबला असेल तर त्यावर नवी भुकटी असणार.

तो चाकासमोर पाटावर बसला. पालथा हात लावला. चाक थंडगार होतं. पाणी मारलं, औषध मारलं. ओघळ सावकाश खाली आला आणि सिमेंटवर पसरला, जांभळा न होता. ब्रश फिरवताना त्याने डोळे फाडफाडून बघितलं. काही कळलं नाही. वीस दिवसांची धूळ, दुसरं काही नाही. धुतलं, पुसलं. चाक आरशासारखं झालं.

तो नळीची गुंडाळी करायला चार पावलं गेला आणि परत आला.

चाक काळं झालं होतं.

ऊन सरळ पत्र्यावर होतं. शेजारच्या शेडमध्ये मिस्त्री पान्याने काहीतरी ठोकत होता. काकाने बोट फिरवलं. बोटावर भुकटी आली, कोरडी, ताजी. आणि वास आला. ब्रेक जळल्याचा. मोठा उतार उतरून आलेल्या गाडीला येतो तो.

त्याने पुन्हा धुतलं. ह्या वेळी नजर हलवली नाही. नटांच्या खाचांतून आधी बारीक काळी रेघ आली, मग पूड, जशी आतून कोणी फुंकतंय. त्याने हात लावला आणि झटक्यात काढला. पोळला होता.

"दाबलास होय गं..." तो पुटपुटला. "दाबला होतास तू."

म्हातारा रडला. वीस दिवसांत पहिल्यांदा रडला, आणि खरं सांगायचं तर सुखाने रडला. तिला जगायचं होतं. बापाचं बोलणं तिने इतकं मनाला लावून घेतलं नव्हतं.

मग दुसरी गोष्ट त्याच्या समोर येऊन उभी राहिली. ती तो विसरला नव्हता, फक्त मागे ढकलून ठेवली होती.

टायरला चमक आणायचं एक तेलकट औषध असतं. ते फडक्यावर घेऊन लावायचं, फवारायचं नाही, कारण आतल्या चकतीवर उडालं की ब्रेक घसरतो. हे त्याने तीस वर्षं सगळ्यांना बजावलं होतं. वर गाडी यार्डात एक चक्कर फिरवून, चार वेळा ब्रेक दाबून मगच मालकाच्या ताब्यात द्यायची. त्या दुपारी रागाच्या भरात त्याने बाटली उचलली आणि चारही चाकांवर सरळ फवारा मारला. चक्कर मारली नाही. मान वर केली नाही.

तिने दाबला होता. सगळी ताकद लावून दाबला होता. ब्रेकने धरलं नव्हतं.

आणि आता कुठे धरत होता.

बाराला क्रेन आली. साखळी लावली, ओढली. मागची चाकं फिरली, डावं पुढचं जागचं हललं नाही. सिमेंटवर नुसतं करकरलं.

"ब्रेक बसलाय," क्रेनवाला म्हणाला.

मिस्त्री खाली वाकला. "ब्रेकची नळी तुटलीय. तेलाचा थेंब नाही आत. बसेल कसा?" त्याने फुटक्या खिडकीतून हात घातला आणि खाली चाचपलं. बराच वेळ चाचपलं. "पेडल खाली गेलंय. वर येत नाही."

"अडकलं असेल."

"अडकलेलं नाही." मिस्त्रीने हात बाहेर काढला आणि पँटला पुसत राहिला. "उचललं की... परत दाबलं जातंय."

क्रेनवाला हसायला गेला, पण मिस्त्रीचं तोंड बघून त्याला हसू आलं नाही.

"दोघं जरा बाहेर थांबा," काका म्हणाला.

ते गेले. काका दार धरून वाकला. आत कोणी नव्हतं. काचांचा चुरा होता, बॅगेचा तुटलेला पट्टा होता. पेडल पार खाली होतं आणि थरथरत होतं. खूप वेळ जोर लावून दमलेला पाय थरथरतो, तसं.

"सोड बाई आता," तो म्हणाला. "चूक माझी होती. तुझी नव्हती."

पेडल हललं नाही.

"दमलीस गं तू... वीस दिवस झाले. काढ पाय." तो आणखी आत वाकला. "तू सोड. मी दाबून धरतो. बाप आहे मी तुझा, मी धरतो."

थोडा वेळ गेला. मग पेडल हळूच वर आलं.

गाडी निघून गेली, मुकाट, डावं पुढचं चाक फिरवत.  काका पाटावर येऊन बसला, तो बसलाच.

दुपार टळली. मिस्त्री शेड झाडत झाडत त्याच्यापर्यंत आला.

"काका, पाय उचला."

काकाने डावा पाय उचलला.

"दुसरा."

"तो नाही उचलत."

"मुंग्या आल्यात का?"

"नाही उचलायचा म्हटलं ना. तू तुझं झाड."

काकाचा चेहरा घामाने डबडबला होता. उजव्या पोटरीचा गोळा दगडासारखा टरारला होता. मिस्त्रीने चपलेभोवतीची काळी पूड झाडून घेतली, सुपलीत भरली आणि मागे वळून बघितलं, तर चपलेभोवती पुन्हा तेवढीच पूड होती. तो हळूच खाली बसला. त्याने काकाच्या पायाशेजारी सिमेंटला हात लावला आणि लगेच मागे घेतला.