ऊन दाखवलेलं तेल

टक्!

भर दुपारच्या शांततेत बाटलीचं बूच निघाल्याचा तेवढाच आवाज झाला. वाकळीवर झोपलेल्या लेकीनं, गोदूनं, कूस बदलली. मंजुळानं बाटली नाकाशी नेली आणि तिचा चेहरा उतरला. तिनं दुसरी बाटली उघडली. टक्. मग तिसरी...

खवट! सगळं तेल खवट!

त्या साली पाऊस नुसतं तोंड दाखवून गेला होता. ज्वारी करपली, कापूस गेला, उभी राहिली ती एकटी करडई. मुळं खोल, अंगावर काटे, त्यामुळं उन्हाला भीक घालत नाही आणि मोकाट जनावरं तोंड लावत नाहीत. कड्याजवळच्या त्या गावातल्या बायकांनी हाताला फडकी गुंडाळून, दवानं काटे मऊ असतात तोवर पहाटे पहाटे ती कापली होती. सगळ्यांची करडई एकत्र करून घाण्यावर घालायची, अशी त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. चेअरमन छबुबाई, पण तेल राखायचं काम मंजुळाचं, तिच्याच घरी. हे तेल पास झालं तर अंगणवाड्यांच्या खिचडीला तेच जाणार होतं. नाही झालं तर संस्था बसणार, आणि मंजुळाला लेकीची शाळा सोडवून ऊसतोडीला जावं लागणार. नवऱ्यामागं घर तिच्याच हातांवर चाललेलं. ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम दारावरून विचारूनही गेला होता.

आणि तेल तपासायला बीडचा माणूस आज येणार होता.

दाराची कडी वाजली.

"कोण हाय?"

"तेल संघाच्या प्रयोगशाळेतून आलोय. सुग्रीव नाव माझं. नमुना घ्यायचाय, ताई."

उंच, सावळा माणूस. हेल्मेट काखेत, पापण्यांवर रस्त्याची धूळ. मंजुळानं हातातली बाटली पदराआड घेतली, चोरून गूळ खाणाऱ्या पोरीसारखी.

"लपवून काय होणार, ताई? वास उंबऱ्यापर्यंत आलाय."

"तुमचं नाक हाय का मशीन?" ती चिडून बोलली.

"मशीन ऑफिसचं हाय, अधनंमधनं बंद पडतंय. नाक घरचं हाय."

एवढ्या दुःखातही मंजुळाला हसू फुटलं. आणि हसता हसता डोळे भरून आले, ते वेगळंच.

सुग्रीव उंबऱ्यावरच बसला. "तेल ठेवलं कुठं होतं?"

"पत्र्यावर. रोज ऊन दाखवत होतो. लोणच्याला ऊन दाखवतो, डाळीला दाखवतो, पापड-कुरडयांना दाखवतो. सालभर टिकतंय सगळं. मग तेलानं काय घोडं मारलंय?"

तो हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही. बाटली त्यानं उन्हाच्या तिरिपेत धरली, आत तेल सोन्यासारखं चमकलं.

"माझी आईबी हेच करती," तो म्हणाला. "पण ताई, करडईच्या तेलात एक जीवनसत्त्व असतंय, ई नावाचं. त्याचं काम राखणदाराचं. तेल बिघडायला निघालं की हे मधी पडतंय, घाव सोताच्या अंगावर घेतंय. तुमी रोज ऊन दाखवलं, रोज त्याच्यावर घाव बसले... राखणदारच संपला. मग तेलाला वाली कोण?"

मंजुळा ऐकत राहिली. कुणी तिला असं बसून, समजावून काही सांगितल्याला किती दिवस झाले होते!

"अन् माणसाच्या अंगात गेल्यावर?"

"तिथंबी तेच. आपल्या अंगात बारीक बारीक पेशी असतात ना, त्यांच्या भिंतीत जाऊन उभं ऱ्हातंय. नसा राखतंय, रक्त राखतंय, दुखण्याशी झुंजायला बळ देतंय. वाढत्या पोरांना तर पायजेच पायजे. म्हणून तर अंगणवाडीला हे तेल."

"एवढं करतंय, अन् कुणाला दिसत न्हाई..."

"घर नीट चाललं, की चालवणारी कुणाला दिसती?" सुग्रीव बोलून गेला, आणि लगेच खाली मान घालून नमुन्याच्या शिशीचं झाकण उगाचच घट्ट करू लागला.

मंजुळाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं विचारलं, "मग... निकाल?"

"नापास." त्यानं वर पाहिलं. "खोटं लिहून देता येईल. पण खाणार लेकरं हायत. हे दिव्याला वापरा. बी शिल्लक हाय का?"

"निम्मं कणगीत हाय."

"मग नवं काढा. पत्र्याच्या डब्यात काठोकाठ भरा, अंधाऱ्या खोलीत ठेवा. पौर्णिमा झाली की येतो."

तो गेला. मंजुळाला राग यायला हवा होता, पण येईना. गोड बोलून जाणारे तिनं ढीग पाहिले होते; खरं सांगून परत येतो म्हणणारा पहिलाच.

आणि तो पौर्णिमेच्या आधीच आला! म्हणे, डबे बघायला. मग एकदा झाकणं बघायला. मग खोलीत अंधार पुरेसा आहे का, ते बघायला.

"मंजुळे," छबुबाई टँकरच्या रांगेत सगळ्यांदेखत म्हणाली, "बीडहून माणूस झाकणं बघायला येतोय व्हय? असं काय हाय गं आपल्या झाकणात?"

बाया फिदीफिदी हसल्या.

"अन् तोंडाला काय लावतीस? लई चकाकतंय. त्या शहरातल्या दुकानातल्या हिरव्या गोळ्या तर न्हाईत?"

"काय बी काय, छबुआक्का!" मंजुळानं घागर पुढं सरकवली, पण भरल्यावर तिरक्या नजरेनं पाण्यात चेहरा पाहायची राहिली नाही.

ते तिनं सुग्रीवला विचारलंच. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर नव्या तेलाची धार, असं ताट पुढ्यात ठेवून. "खरंच त्या ई जीवनसत्त्वाच्या हिरव्या गोळ्यांनी रूप येतंय?"

"शेंगदाणे, करडईचं तेल, पालेभाजी खाणाऱ्याला गोळी सहसा लागत न्हाई. उगं मनानं जास्त खाल्ली तर अपायच व्हायचा." तो थबकला. "अन् तुमाला तर... कशाचीच गरज न्हाई."

"तुमाला जेवताना चव कळती, का नुसतं जीवनसत्त्वच?"

"इथं दोन्ही कळतंय."

माजघरात सासू तुळजाबाई मोठ्यानं खोकली. खोकला कसला, तो तर सूचनेचा भोंगा!

पौर्णिमा झाली. सुग्रीवनं अंधाऱ्या खोलीत डबा उघडला. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळले, हुंगले, डोळे मिटले. मंजुळा दाराची चौकट घट्ट धरून उभी. शेवटी त्यानं आपला तळहात तिच्यापुढं धरला. ती वाकली... करडईचा कोवळा, हिरवट वास. आणि त्या हाताची ऊब.

"मागच्या खेपेला नेलेला नमुना प्रयोगशाळेतबी कालच बघितला. पास झालं, मंजुळा."

'ताई' कुठं गेलं? दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. तो गडबडला, ती वळली. "सरबत करते," म्हणत ती चुलीकडं पळालीच.

पाण्याची ओढ, तरी त्या दिवशी तिनं अख्खं लिंबू पिळलं. फोडीची साल गोदूनं चोखायला घेतली. मंजुळानं पेला पुढं केला आणि कधीपासून मनात घोळत असलेलं विचारलं, "तो राखणदार... अंगातला. घाव घेऊन घेऊन तो झिजत असंल ना? मग त्याचं काय होतंय?"

सुग्रीवनं पेला उचलून दाखवला. "हे. लिंबातलं, आवळ्यातलं जीवनसत्त्व. सी. ते त्याला पुन्हा उभं करतंय."

"म्हंजे राखणाऱ्यालाबी कुणीतरी हाय."

"असायलाच पायजे."



"मुकादम मला काय म्हणाला, ठाऊक हाय?" मंजुळा जमिनीकडं बघत म्हणाली. "नवराबायको मिळून एक कोयता. तू एकटी, तू अर्धा कोयता. कामबी अर्धं, मानबी अर्धा..."

"मी ऊसतोड्याचंच पोर हाय. फडावरच्या झोपडीत, पाचटाच्या कोपीत जन्मलेलो." सुग्रीवचा आवाज खाली आला. "शिकलो, नोकरी लागली. पण आईबाप जसे एक कोयता होते ना... तसं काय जमलं न्हाई. मीबी अर्धाच हाय, मंजुळा. तुझी... तुमची इच्छा असंल तर..."

मंजुळाची नजर माजघराच्या दाराकडं गेली. हो म्हणावं, तर माजघरातली म्हातारी? पोटचा लेक गमावलेल्या त्या माऊलीला एकटी टाकून कसं जायचं?

"मी आत्याबाईंना सोडून कुठं यायची न्हाई," ती एका दमात म्हणाली.

"तुला यायला कोण म्हणतंय? मीच येतो. बीडला एसटी जाती-येतीच की."

"मोठ्यानं बोला बरं!" आतून तुळजाबाई ओरडली. "म्हातारीला ऐकू येत न्हाई."



मग काठी टेकत तीच बाहेर आली. सुग्रीवला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "माझ्या लेकाचे, भारतचे सदरे हायत पेटीत. पण ह्याच्या उंचीला पुरायचे न्हाईत. नवाच शिवावा लागंल," ती म्हणाली. आवाज जरासा कापला, पण म्हातारीनं तो खोकल्यात दडवला. "आन् गं मंजुळे, बघतीस काय? माणूस उत्तराला थांबलाय. का त्यालाबी ऊन दाखवतीस?"

मंजुळा हसली आणि रडलीही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, त्याच्याकडं न बघता म्हणाली,

"आता डबे, झाकणं बघायला येऊ नका..."

सुग्रीवचा चेहरा पडला.

"...नुसतंच येत जा. आपल्या घरी."

त्याच्या चेहऱ्यावर जे उजाडलं, ते बघायला तिनं मान वर केली आणि मग नजर काढताच येईना. तुळजाबाई डोळे पुसत साखरेचा डबा शोधायला आत गेली.

गोदू लिंबाची साल तोंडात धरून सगळं ऐकत होती. तिनं साल काढली. एकदा सुग्रीवकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि मग भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडं.

"आई," ती म्हणाली, "मग मी ह्यांला आता काय म्हणू?"

मंजुळानं तिला जवळ ओढलं आणि सुग्रीवच्या आणि स्वतःच्या मधे घेतलं.