आक्काच्या बांधावरचे तोफगोळे

"गद्दारांचा तळ? आन् आमच्या रानात?" गुंडू ओरडलाच!

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आकाराम पेंटर फलक रंगवत होता. 'तीनशे वर्षांपूर्वी सातारा-कोल्हापूर गादीच्या भांडणात गद्दार फौजेचा तळ आक्कांच्या रानात होता.' उद्या सकाळी हा फलक रानात रोवायचा होता. आक्का म्हणजे गुंडूची आई. गारगोटीजवळच्या या गावात ती एकटीच्या हिमतीवर शेती करायची. ही बातमी कळल्यापासून मात्र ती शरमेनं घराबाहेर पडली नव्हती.

सुट्टीला कोल्हापूरच्या शाहूपुरीहून आलेली गुंडूची मामेभावंडं, अनुजा आणि मोहित, पार गोंधळून गेली.

"गद्दार म्हणजे नक्की कोण?" मोहितनं विचारलं.

"साताऱ्याची फौज," अनुजा म्हणाली.

"पण तेही मराठे, कोल्हापूरचेही मराठे! झेंडाही तोच! मग सातारकर आपल्याला काय म्हणत असतील?"

"गद्दार!" अनुजानं कपाळाला हात लावला.

"तळ आमच्याच रानात कशावरनं?" गुंडूनं पेंटरला खडसावलं.

"बांधावर तोफेचं गोळं घावल्यात की! सरपंच आण्णांनी सोता बघितलंय!"

तिघं धावत बांधावर गेली. दगडांच्या ढिगात दोन लोखंडी गोळे खरंच पडले होते! अनुजानं एक नखानं खरवडला.

"गुंडू, तुमच्या रानात मुरूम आहे?"

"न्हाय. नुसती काळीभोर माती हाय."

"मग गोळ्याला हा मुरूम कुठला?"

गुंडूनं बांधापलीकडे पाहिलं. तिथं आण्णांचं मुरमाड रान पसरलं होतं. तो पोट धरून हसू लागला. "नांगरताना दगड लागला की शेजाऱ्याच्या बांधावर भिरकावायचा, ही रीतच हाय हितली!"

दुसऱ्या दिवशी आक्काच्या रानात गाव जमलं. आक्का मान खाली घालून उभी होती. आण्णा नारळ फोडणार, तोच अनुजा गोड आवाजात म्हणाली, "आण्णा, तुमच्या रानात एकही दगड कसा नाही?"

आण्णांची छाती फुगली. "तीस वर्सं येचतोय, पोरी! दगड दिसला की टाक बांधावर!"

"गोळेही?"

"व्हय की! ते बी म्याच..." आण्णांची जीभ अडखळली.

"म्हणजे तळ तुमच्या रानात!" मोहित ओरडला. "आकारामकाका, नाव बदला!"

सगळं गाव खो खो हसलं. आण्णांचा चेहरा पांढराफटक पडला.

आक्का पुढं आली. "थांबा. आण्णांच्या नावावर बी गद्दार नगं. भाऊ भाऊ भांडलं, त्यात तीनशे वर्सांनी कुणाचं तोंड काळं करायचं?"

आण्णांनी आकारामच्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतःच 'गद्दार' शब्द पुसून काढला. "चुकलं माझं, आक्का," ते पडेल आवाजात म्हणाले. "ही पोरं नसती तर माझ्या हातनं पाप झालं असतं. शाबास रं वाघांनो!"

"पण मग खरे गद्दार कोण होते?" मोहितचा गोंधळ अजून संपला नव्हता.

आक्कानं भाच्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आण्णांकडे पाहिलं.

"आण्णा, तुमी बी चला घरला. जेवून जावा."