घडीची सीट

टिटवीने हॉस्टेलचा विषय काढला तेव्हा बाबांनी मशीनवरून मान वर केली नाही. “आपलं घर असताना पोरीने परक्या छपराखाली का झोपावं?” एवढंच म्हणाले आणि पुन्हा पाय मारू लागले. बाबा शिंपी. एकदा कात्री चालवली की मागे फिरायचं नाही हा धंद्यातला नियम त्यांनी घरातही लागू केला होता. आईने लेकीची बाजू घेतल्यासारखं केलं, पण पोर डोळ्यांसमोर असलेली तिलाही हवी होती. खरं सांगायचं तर टिटवीला मनातून बरंच वाटलं. भांडली ती सवयीने. लहानपणापासून एकदा सुरू झाली की थांबायची नाही, म्हणून तर दादाने तिचं हे नाव ठेवलं होतं. तिला कॉलेज हवं होतं आणि घरही हवं होतं. दोन्ही हवं तर रोज जाऊन-येऊन करण्यावाचून इलाज नव्हता, आणि त्या वाटेवर कॉलेजच्या वेळेला चालणारी गाडी एकच, मामांची व्हॅन.

मामा कुणाचेच मामा नव्हते. पन्नाशीचा, मूग गिळून बसणारा ड्रायव्हर. टिटवीचं घर सगळ्यांत लांब, त्यामुळे सकाळी ती पहिली चढायची आणि संध्याकाळी शेवटची उतरायची. पहिल्या दिवशी ती मधल्या बाकावर खिडकीशी ऐसपैस बसली.

“तिथे नको,” मामा म्हणाले. “दारापाशी बस. घडीच्या सीटवर. नवीन माणूस तिथे बसतं.”

घडीची सीट म्हणजे एक फळी आणि तिच्यावर ठोकलेलं रेक्झिन. ती अशी आडवी यायची की मागे जाणाऱ्या प्रत्येकासाठी टिटवीला खाली उतरावं लागायचं, सीट उचलायची, माणूस आत गेला की पाडायची आणि पुन्हा बसायचं. शेवटच्या वर्षातली एक मुलगी पुढे मामांशेजारी बसायची. तिला सगळे ताई म्हणत. मागच्या बाकावर लांब्या नावाचा एक उंच मुलगा आणि दोन बहिणी गुडघ्याला गुडघा लावून कोंबलेले. मधला दोघांचा बाक मात्र रिकामा. कुणी तिच्याशी बोललं नाही. लांब्याने चढताना तिच्या पायावर पाय दिला आणि तिच्याकडेच असं पाहिलं, जणू पाय तिने मुद्दाम तिथे ठेवला होता.

कॉलेजच्या थोडं अलीकडे एका बंद कारखान्याची लांबच लांब भिंत होती. तिथे ना पाटी, ना शेड, ना माणूस. मामांनी गाडी थांबवली.

“उतर,” ताई मागे न वळता म्हणाली.

टिटवी उतरली, सीट उचलून धरली. कुणी आलं नाही. भिंतीचा ओला चुनकट वास तेवढा आला. मग गाडी मधल्या बाकाच्या बाजूला किंचित कलली, एखादं जड माणूस चढल्यावर कलते तशी, आणि मामा म्हणाले, “बस आता.”

नव्या पोरीची थट्टा चाललीय, असं तिला वाटलं. थट्टा आठवडाभर चालते, फार तर दोन. ही रोज चालली. सकाळी भिंतीपाशी उतरायचं, संध्याकाळी परतताना पुन्हा तिथेच उतरायचं, आणि कुणी हसायचं नाही. तिने एकदा लांब्याला विचारलं तर तो म्हणाला, “तुला उतरायला सांगितलंय ना? मग उतर. तोंड कशाला चालवतेस?”

कॉलेजातही काही सुख नव्हतं. तिथे तिचं नाव ‘गाडीवाली’ पडलं. प्रॅक्टिकल लांबलं की तिचा जीव टांगणीला, कारण मामा कुणासाठी थांबत नसत. चौघींच्या गटाला मिळून प्रकल्प करायचा होता; बाकीच्या तिघी हॉस्टेलच्या. त्या जेवणानंतर एकत्र बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी टिटवीला ठरलेलं ऐकवायच्या. घरी पोचेपर्यंत तिच्या अंगात बोलायचंही त्राण नसायचं. टिटवी गप्प बसलेली घरात प्रथमच दिसत होती. आई तिच्या ताटाशी बसून राहायची, बाबा मशीन थांबवून विचारायचे, “जमतंय ना?” ती म्हणायची, “जमतंय.” त्या घराच्या उबेवर ती दुसरा दिवस ढकलायची.

थंडी वाढली तशी तिला गाडीतलं आणखी दिसू लागलं. मधल्या बाकाची गादी खिडकीशी दबलेली असायची आणि संध्याकाळी भिंत गेली की हळूहळू वर यायची. खिडकीची काच तेवढ्याच जागी धुरकटायची. एकदा उतरताना तिचा हात त्या गादीवर टेकला. गादी ओली नव्हती, पण इतकी गार होती की तिने हात ओढणीत गुंडाळून घेतला.

सेमिस्टर संपत आलं तेव्हा गटातल्या मुलींनी तिचं नाव प्रकल्पातून काढलं. “तू असतेसच कुठे?” त्यांतली एक म्हणाली. टिटवी दुपारभर स्वच्छतागृहात रडली आणि डोळे धुऊन व्हॅनमध्ये बसली. भिंत आली. मामांनी ब्रेक लावला.

“उतर,” ताई म्हणाली.

“नाही उतरत.”

तिने आवाज चढवला.

“मी काय तुमची नोकर आहे? कुणासाठी उतरू? आहे कोण तिथे?”

ताई वळली. चार महिन्यांत प्रथमच तिने टिटवीकडे सरळ पाहिलं. “तिला उतरू दे,” ती हळूच म्हणाली. “एवढंच कर. मग हवं तेवढं भांड.”

टिटवीने बॅग मांडीवर घट्ट धरली आणि पाय सीटखाली रोवले. मामा आरशातून पाहत राहिले. इंजिन चालू होतं. मग त्यांनी गिअर टाकला.

त्यानंतर बहिणी उतरल्या, लांब्या उतरला, ताई उतरली. मागच्या तिघांसाठी टिटवी मुकाट खाली उतरली, कारण ती माणसं होती. ताईने जाताना गाडीचं दार स्वतः लावलं, कधी नव्हे ते. पुढचा रस्ता टिटवीने दाराला चिकटून काढला. शेजारची गादी दबलेलीच होती.

आईने दार उघडलं. टिटवी आत आली, चपला काढल्या, पाणी प्यायली. वळून पाहते तो आई अजून दार धरून उभी होती, पाठ भिंतीला लावून, वाट देत.

“लाव ना दार. गार वारा येतोय.”

“हो,” आई म्हणाली. आणि आणखी क्षणभर थांबून तिने ते लावलं.

दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये लग्नघर असावं तशी गडबड होती. लांब्याने बिस्किटं पुढे केली. ताई पुढची जागा सोडून मधल्या बाकावर येऊन बसली आणि टिटवीला म्हणाली, “ये, खिडकीशी बस.” भिंतीपाशी गाडी थांबली नाही.

टिटवीने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. “मामा, थांबवा ना इथे.”

“कशाला?” मामा म्हणाले. “आता इथे कोण आहे?”

तिने ताईचा हात धरला. ताईने तो सोडवून घेतला, अगदी सावकाश. “आम्ही सगळ्यांनी एकेक वर्ष उतरून काढलंय,” ती म्हणाली. “तुला एक सेमिस्टर जमलं नाही.”

त्या दिवसापासून टिटवी सकाळी घराचं दार उघडून उभी राहू लागली. वाट द्यायची, थांबायची. व्हॅनपाशी सीट उचलून धरायची. गाडी एकदाही कलली नाही. मामा तेवढे हॉर्न वाजवायचे.

आणि घर बदलत गेलं. संध्याकाळी ती आली की स्वयंपाकघरातलं आईचं बोलणं मध्येच थांबायचं. दादा तिच्या बाजूने जाताना अंग चोरायचा. दिवसभर बंद नसलेल्या घरात ओल्या चुन्याचा वास भरून असायचा आणि तो तिच्याशिवाय कुणाला येत नव्हता. जेवायला आईने चार ताटं मांडली आणि म्हणाली, “तू मागाहून बस.” घरात माणसं चारच होती.

सुट्टीच्या दिवशी ती घरी राहिली तर आईने कपाळाला आठ्या घालून विचारलं, “आज इथेच आहेस का?”

“आई, मी आहे गं,” टिटवी म्हणाली. “मी.”

“माहीत आहे मला,” आई म्हणाली आणि भांडी घासू लागली.

त्याच आठवड्यात बाबांनी तिला समोर बसवलं. हॉस्टेलमध्ये जागा मिळाली होती. त्यांनीच जाऊन पाहून ठरवलं होतं. पुढच्या सेमिस्टरपासून नाही, उद्यापासूनच.

“पण तुम्हीच म्हणाला होतात, परक्या छपराखाली...”

“घर केवढं आहे ते बघ,” बाबा म्हणाले. “पाच जण मावत नाहीत इथे.”

ती ओरडली, रडली, आईच्या कमरेला मिठी मारून बसली. आईने तिचे हात सोडवले. कठोरपणे नाही, शेजारचं मूल अंगाशी आलं की सोडवतात तसे.

बॅग आईने आधीच भरून ठेवली होती. टिटवीने ती उघडली तर कपडे निम्मेच. बाकीचे कपाटात नीट घड्या करून ठेवले होते, तिचा निळा कोटही, बाबांनी कॉलेजसाठी शिवलेला. तिने तो ओढून काढला आणि रागारागाने अंगात घातला. कोट तोच, बटणं तीच. पण बाह्यांची तुरपाई उसवून आतलं दुमडलेलं कापड सगळं सोडलं होतं आणि काठ नव्याने शिवला होता, बाबांच्या बारीक, सरळ टाक्यांनी. तिची बोटंही बाहीच्या आत राहिली.

“काढून ठेव तो,” बाबा मशीनवरून मान वर न करता म्हणाले. “चुरगळलेला तिला चालत नाही.”