हिरव्या टोपड्यातलं बाळ

"आधी रंकाळा, मग भेळ!" आदर्शनं जाहीर केलं.

"आधी भेळ! तळं काय पळून जातंय?" मोना म्हणाली.

इचलकरंजीहून मे महिन्याच्या सुट्टीला आजोळी आलेल्या या बहीण-भावाचं भांडण अगदी रंगात आलं होतं, तेवढ्यात शेजारचा धैर्यशील सायकल फाटकावर आदळत आत घुसला.

"भेळ ऱ्हाऊ दे! तुमचं आर्जव टीव्हीवर लागलंय!"

"काय?"

"राजारामपुरीत, त्या टिंगूमिंगू दुकानाच्या काचेत! अंगावर एक कपडा न्हाय! चला!"

आर्जव म्हणजे अभिनंदनमामा आणि रुचितामामीचं चार महिन्यांचं बाळ. तिघांनी सायकली दामटल्या. लहान मुलांच्या कपड्यांच्या त्या दुकानासमोर माणसं थांबून हसत होती. काचेमागच्या मोठ्या पडद्यावर आज्जीच्या पसरलेल्या पायांवर पालथा पडलेला, तेलानं चमकणारा आर्जव! वर लिहिलं होतं, 'आठवड्याचं गोंडस बाळ'. खाली त्याचं नाव आणि 'शाहूपुरी'. एक बाई तर आपल्या मोबाईलमध्ये पडद्याचा फोटो काढत होत्या.

मोनाचं डोकंच फिरलं. ती तडक आत गेली. "काका, हा आमचा भाऊ आहे. फोटो काढून टाका!"

दुकानाचा मालक राजवीर हसला. "मग खूश व्हायचं की! फुकटात हिरो झालाय गडी!"

"तुम्हाला दिला कुणी?"

"ग्रुपवर रोज शंभर फोटो येतात, नाव-गावासकट. कुणी टाकला ते कोण बघतंय? व्हा बाजूला, गिऱ्हाईक आलंय!"

घरी आल्यावर मोनानं सगळं सांगितलं आणि घरात एकच गदारोळ उडाला. आर्जवचा एकही फोटो घराबाहेर जाणार नाही, हे मामीनं तो जन्मला तेव्हाच बजावलं होतं. अंघोळीचा तो फोटो मामानं काढून फक्त घरातल्या चौघांच्या, म्हणजे आप्पासोआज्जा, आज्जी, मामी आणि तो स्वतः यांच्या ग्रुपवर टाकला होता. मामी चप्पल अडकवून दुकानात गेली आणि फोटो काढायला लावूनच परतली. पण तो बाहेर गेला कसा?

"आई, हे तुझंच काम!" मामा कडाडला. "नवीन फोन आल्यापासून दिवसभर कुणाला ना कुणाला काहीतरी पाठवत असतीस!"

"मी न्हाय पाठवला रं," रत्नाआज्जी म्हणाली. "देवाशप्पथ न्हाय."

"मग काय आपोआप गेला?"

"मामा, तू आधी तिचा फोन तरी बघ..." मोनानं तोंड उघडलं.

"मोठी माणसं बोलतात तिथं मध्ये बोलायचं नाही!"

मामी ओरडली नाही. तिनं आर्जवला उचललं आणि हळूच म्हणाली, "आई, थोडे दिवस बाळाला अंघोळ मीच घालते."

संध्याकाळी मोना स्वयंपाकघरात गेली, तर आज्जी फोन हातात घेऊन बसली होती. "मोना, हे बंद कसं करायचं गं? कायमचं?"

मोना रागानं पाय आपटत अंगणात आली. "कुणी ऐकूनच घेत नाही! ना आज्जीचं, ना आपलं!"

"आज्जीनं पाठवला नसेल, तर मग कुणी?" आदर्शनं विचारलं.

"तेच शोधायचं! चौघांनाही बाळाचा वेगवेगळा फोटो पाठवायचा. जो दुकानात झळकेल, तो ज्याला पाठवला तोच चोर!"

"भारी!" धैर्यशील म्हणाला. "मी आर्जवला उचलून आणतो."

"अजिबात नाही! त्याचा फोटो आपणच पसरवायचा? मग त्यांच्यात नि आपल्यात फरक काय?"

तिघंही इकडंतिकडं बघू लागले. मग आदर्शची नजर पायरीवरच्या भाजीच्या टोपलीत गेली. तिथं एक गुबगुबीत दुधी भोपळा पडला होता.

दहा मिनिटांत माडीवर दुधीबाळ दुपट्यात गुंडाळून झोपलं! डोक्यावर टोपडं, गळ्यापर्यंत पांघरूण. धैर्यशील हसून हसून लोळला. "पर नाक कुठाय?"

"कूस बदलून झोपलंय," मोना म्हणाली.

तिच्याकडे आईनं सुट्टीपुरता दिलेला जुना फोन होता. प्रत्येक फोटोला तिनं टोपडं बदललं. आप्पासोआज्जांना लाल, आज्जीला पिवळं, मामीला निळं आणि मामाला हिरवं. 'बघा, किती गाढ झोपलंय!' असं लिहून तिनं एकेकाला स्वतंत्र पाठवलं.

"आज्जीचं उत्तर आलंसुद्धा!" आदर्श ओरडला. आज्जीनं लिहिलं होतं, 'अगं, तो दुधी आणून ठेव. भाजीला हवाय.'

मामीनं विचारलं, 'हा काय उद्योग?' आज्जांना चष्माच सापडत नव्हता. आणि मामाचं उत्तर आलं, 'सो क्यूट!' पुढं बदामांची रांग!

"यानं बघितलंय तरी का?" धैर्यशील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पडद्यावर काहीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मोनाची चिडचिड वाढत चालली. घरात आज्जी पाहुण्यासारखी वावरत होती. आर्जव रडला तरी उठून घ्यायची नाही. मामा मात्र येता-जाता तिला सुनावायचा, "फोन जपून वापर!"

चौथ्या दिवशी धैर्यशील धापा टाकत आला. "लागलं! लागलं!"

मोनानं कुणालाही काही सांगितलं नाही. "आत्ताच्या आत्ता चला!" एवढंच म्हणत तिनं बाळासकट सगळ्यांना घराबाहेर काढलं. "अगं, पण झालं काय?" मामा रिक्षात बसेपर्यंत विचारत होता.

काचेमागं 'आठवड्याचं गोंडस बाळ' झळकत होतं. हिरव्या टोपड्यातला दुधी भोपळा!

आज्जांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हे... दुधी हाय की!"

"हो, आज्जा! लाल टोपडं तुम्हाला पाठवलं होतं, पिवळं आज्जीला, निळं मामीला. हिरवं फक्त एकाला पाठवलं होतं."

मोनानं मामाकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"मी... मी दुकानात नाही पाठवला! आपल्या क्रिकेटच्या पोरांना ग्रुपवर दाखवला फक्त! आपलीच पोरं ती!"

"अंघोळीचा पण?" मामीनं विचारलं.

मामाचं तोंड उतरलं. "कौतुकानं टाकला गं."

"ह्यो राजवीर त्या ग्रुपमधी हाय का न्हाय?" आज्जांनी दरडावलं.

"...आहे."

गडबड ऐकून राजवीर बाहेर आला. पडद्याकडं नीट बघितल्यावर त्याचा चेहरा टोपड्याहून हिरवा झाला. "आयला! दुधी!"

"विचारल्याशिवाय एका बी लेकराचा फोटो हितं लागायचा न्हाय," आज्जा म्हणाले. पडदा तत्काळ काळा झाला.

मामा आज्जीसमोर उभा राहिला. "आई, चुकलो."

"चुकलास ते खरंच," आज्जी म्हणाली. "पर इतकं दिस मी लेकराला मांडीवर घेतलं न्हाय, ते कोण देणार परत?"

मामीनं पुढं होऊन आर्जवला आज्जीच्या हातात दिलं. "आई, मीही तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही." आज्जीनं त्याला छातीशी धरलं आणि तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले.

"पोरं लई हुशार!" आज्जांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "आमची अक्कल फोनात गेलती, तुम्ही ती भायेर काढली!"

पण मोनाचा राग अजून उतरला नव्हता. "आणि आमचे फोटो? माझे पुढचे दात पडले होते, तो फोटो मामा दर वाढदिवसाला नेटवर टाकतो! वर्गातली पोरं मला 'खिडकी' म्हणतात!"

"मग सांगायचं नाही का गं?"

"दर वेळी सांगितलं! कुणी ऐकलं?"

तिथंच फूटपाथवर बसून मामानं तो फोटो काढून टाकला. मग क्रिकेटच्या ग्रुपवर सगळ्यांना आर्जवचे फोटो पुसायला सांगितले. किती जणांनी ते पुढं पाठवले असतील, हे मात्र त्याला सांगता येईना. मामी ते ऐकून आणखीच गंभीर झाली.

निघताना आज्जी, आर्जव आणि तीन पोरं एका रांगेत उभी होती. मामाचा हात सवयीनं फोनकडं गेला, आणि मध्येच थांबला.

"एक फोटो... काढू का?"

"नको," मोना म्हणाली.

"बरं," म्हणत मामानं फोन खिशात टाकला.

एकदाच सांगितलं, आणि ऐकलं! मोना त्याच्याकडं बघतच राहिली.