काका, काल काय झालं?

या प्रकरणात सायकलवाल्या बाईंना मिळण्यासारखं काय होतं, ते आधी बघून घेऊ. नवरा नव्हे. ते काम तिच्या मावशीने अंगावर घेतलं होतं आणि ती ते इमानेइतबारे बिघडवत होती. हिला हवा होता एक म्हातारा.

विसरायला लागलेल्या माणसांचा तो दवाखाना, आणि त्याच्या पाचव्या मजल्यावर हिचा व्यायामाचा हॉल. जागच्या जागी चालणाऱ्या सायकलींवर पेशंट पाय मारायचे आणि ही त्यांना बोलतं ठेवायची. सगळ्या सायकली भरलेल्या, फक्त खिडकीजवळची रिकामी. ती भरली नाही तर हॉलच्या जागी कँटीन येईल, असं व्यवस्थापनाने फार गोड शब्दांत कळवलं होतं. तेव्हा एक म्हातारा मिळाला की भागणार होतं. बाकी जे मिळालं, ते वरकड.

वरकड लिफ्टमधून आलं. ती नेहमीसारखी जिना चढत होती. चौथ्या मजल्याच्या वर लिफ्ट अडकलेली. जाळीतून दिसत होते फक्त बुटांचे दोन जोड. एक चकचकीत. दुसऱ्याची नाडी सुटलेली.

"कुणी आहे का बाहेर?" सुटलेल्या नाडीने विचारलं.

"जिना असताना लिफ्ट कशाला घेतलीत?"

"मॅडम, उपदेश सावकाश करा. आधी माणूस बोलवा."

"बोलावते. तोवर जागच्या जागी पाय हलवा. फुकट आहे."

"अरे, तिला उलट बोलू नकोस," चकचकीत बूट म्हणाले. म्हातारा, मऊ आवाज. "सूनबाई आहे ती. सूनबाई, डोक्यावरची धूळ झटक गं."

तिने केसांवरून हात फिरवला. धूळ नव्हती.

"माफ करा हं... बाबांना आजकाल... त्याच्यासाठीच वर चाललोय."

लिफ्टवाला आला, त्याने वरून दणका दिला — आणि छताचा पोपडा सुटून सगळी धूळ तिच्या डोक्यावर! जाळीचं दार उघडलं तेव्हा समोर एक उंच, पोक काढलेला तरुण हसू दाबत उभा होता. तिला मात्र हसू आलं नाही. मानेवरून काहीतरी गार सरकत गेलं. म्हाताऱ्याला आतून ती दिसणं शक्यच नव्हतं.

तरुणाचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर स्टुलावर बसून काचा घासायच्या आणि दुसऱ्यांना लांबचं दाखवायचं, हा धंदा. चालणं म्हणाल तर स्टुलापासून दारापर्यंत.

त्याच्या बाबांना ती काका म्हणू लागली. काकांना खिडकीजवळची सायकल मिळाली. हिची पद्धत अशी, की पाय फिरत असतानाच आठवायला लावायचं. मोठ्या डॉक्टरीणबाई नेहमी बजावायच्या, "हालचाल करणाऱ्यांमध्ये हा आजार कमी आढळतो. व्यायाम मेंदूला कदाचित जपतो. 'कदाचित' गाळायचं नाही, कळलं?"

"काका, काल काय झालं?" तिने विचारलं.

पायडल फिरली. काकांचे डोळे बाहेरच्या धुक्यात. "काल... कुंडी फुटली. लाल फुलांची."

कुंडी खिडकीत धडधाकट होती. "चुकलं, काका."

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने खिडकी आपटली आणि कुंडी फरशीवर फुटली. सगळे ओरडले. काकांनी मात्र त्या खापरांकडे रद्दीतल्या पेपरकडे बघावं तसं बघितलं. त्यांच्यापुरती कुंडी कालच फुटून गेली होती.

मग हे होतच राहिलं. कुणाची काठी हरवणार, कुणाचा भाऊ येणार... सायकलवर असताना काका सांगायचे आणि उतरले की कोरी पाटी. सांगितलेलं घडायचं, पण घडताना काकांना त्याचं ना सुख, ना दुःख.

"बाबांचं मागचं जातंय," चष्मेवाला हलकेच म्हणाला, "आणि पुढचं येतंय."

"घाबरता?"

"सूनबाईच्या बाबतीत नाही..."

ती वळून पायडली पुसू लागली. पुसलेल्याच पुन्हा पुसल्या.

एकदा त्याने तिला दुकानात बसवून डोळ्यांपुढे काच धरली. "बाबा म्हणतात, तुम्हाला चष्मा लागणार आहे."

"मला सगळं स्वच्छ दिसतं."

"मग सांगा, माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलंय?"

तिने काचेतून बघितलं. त्याचा श्वास काचेवर उमटत होता, विरत होता. "पाठदुखी," ती म्हणाली. "रोज जिना चढलात तर दुसरंही काही वाचता येईल."

एवढ्यावर प्रकरण गोड संपायचं. पण काकांचं 'काल' लांब लांब जायला लागलं होतं.

"काल हा हिला ओळखेना," एका दुपारी पाय मारता मारता ते म्हणाले. "दोघांचे केस पांढरे. ती म्हणते, अरे, मी आहे. आणि हा म्हणतो, बसा ना बाई, कुणाकडे आलात आपण?"

पायडल फिरत होती. दारात बाबांचा मफलर घेऊन तो उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मॅडम," मफलरची घडी घालत तो म्हणाला, "तुमचं नुकसान मी करणार नाही. मावशींना म्हणावं, शोध चालू ठेवा."

बाई हुशार, काकांच्या भाकितात फट कुठे आहे हे आधी शोधणार. दुसऱ्याच दिवशी काका म्हणाले, "काल खिडकीतली दुसरी कुंडीही गेली." तिने निघताना ती उचलून खाली भिंतीशी ठेवली. सकाळी खिडकी आपटून काच तडकली होती. कुंडी शाबूत.

ती तडक दुकानात गेली. "कुंडी फुटली नाही."

"मग?"

"मी हलवली होती. म्हणून तूही हल."

तो स्टुलावरून उठलाच. कुंडीमुळे नव्हे, 'तू'मुळे. "आणि इतकं करूनही विसरलो तर?"

"तुझे बाबा म्हणतात नक्की. डॉक्टरीणबाई म्हणतात कदाचित. मी कदाचितच्या बाजूने आहे."

पाचवा मजला त्याने त्या दिवशी जिन्याने गाठला. वरच्या पायरीवर कठडा धरून म्हणाला, "मला... तू... फार..."

"आधी श्वास घे. मी कुठे पळून चालले नाही."

आत काकांचे पाय जोरात फिरत होते. "काल लग्न झालं रे! हिच्या केसांत पिवळी फुलं. मी नाचलो, सगळ्यांदेखत! मावशी रडली, आणि हा..."

आत्ता सांगितलं की लग्नाच्या दिवशी काकांच्या हाती काहीच उरणार नव्हतं. तिने पळत जाऊन सायकलची दांडी धरली. "काका, बास. उतरा. हे नका सांगू, हे ठेवा तुमच्यासाठी."

काकांनी तिच्याकडे बघितलं. लख्ख, ओळखीच्या डोळ्यांनी.

"सांगू दे गं. परवाचं ऐकून तो घाबरलाय. हे नाही ऐकलं तर पायरीवरूनच परत जाईल." आणि ते सांगत राहिले. हसत, डोळे पुसत, शेवटच्या फुलापर्यंत.

लग्न झालं. तिच्या केसांत पिवळी फुलं होती. काका पहिल्या रांगेत बसले होते, चकचकीत बुटांत. नाचायला बोलावलं तर शेजारणीला हळूच विचारलं, "कुणाचं लग्न आहे हो?" खुर्चीखाली त्यांचे पाय मात्र हवेत गोल गोल फिरत होते.

तर गोळाबेरीज. हॉल वाचला. चष्मेवाल्याला बायको मिळाली. तो आता रोज संध्याकाळी बाबांशेजारच्या सायकलवर घाम गाळतो, आणि त्याचे केस अजून काळे आहेत, म्हणून तो आकडा अजून कुणी मांडू शकत नाही. बाईंना एक 'कदाचित' मिळालं. त्यावर त्या खूश आहेत. जुळवल्याचं श्रेय मावशीने लाटलं.

किंमत मोजली ती एकट्या काकांनी. तीही आगाऊ.