ओटीचा दगड

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री आठच्या सुमारास बावड्यातली लाईट गेली आणि आम्ही सगळे सोप्यात येऊन बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आमच्या नव्या घराची आखणी व्हायची होती. साल शहाऐंशी. नदीकाठाला मुरूम टाकून नवी वसाहत पडली होती. खाली पाण्याकडे फरसबंद पायऱ्या, सिमेंटची बाकडी, वर 'नदीदर्शन नगर' असा निळा फलक. त्यात आमचा प्लॉट लांबुळका. एक टोक रस्त्याला, एक नदीला.

आमच्या ह्यांना घर हवं होतं नदीच्या टोकाला. चार दिवस एकच घोकणं चाललं होतं, "सकाळी डोळं उघडलं की दारात पाणी दिसलं पायजे."

आखणी करणारे गवंडी आकारामतात्या, सुतळी आणि खुंट्या आणून ठेवायला म्हणून आले होते. सत्तरीचे, पण हात अजून घट्ट. चहा घेऊन ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरून बसले.

"घर रस्त्याकडंला घ्या," म्हणाले.

"का वो तात्या?" धाकटे दीर जयसिंग हसून म्हणाले. "नदीला भूत हाय?"

"हसतोस व्हय? हास. मी त्या दगडाच्या खाली सुतळी धरणार न्हाय, येवडं सांगतो."

"कुठला दगड?" ह्यांनी विचारलं.

तात्यांनी तंबाखूची चंची काढली, पण सोडली नाही. मी देवापुढची समई उचलून मधे आणून ठेवली. आमचं लहान मूल मांडीवर घेऊन बसले. तात्या सांगायला लागले ते असं.

ऐका. खोटं सांगायला मला कोण काय देत न्हाय. माझ्या दोस्ताच्या घरात झालेलं हाय.

ही वसाहत पडायच्या आदी हितं गाळाचं रान हुतं. रानाच्या कडंला एक काळा घडीव दगड. हात-दीड हात लांब. त्येला ओटीचा दगड म्हणायचे. श्रावणात पंचगंगा फुगली की बायका रोज सांजच्याला बघून यायच्या, पाणी दगडाला लागलं का. लागलं की खण, नारळ, पाच ओंजळी तांदूळ. नदीची ओटी भरायची. दगडाला शिवून ओटी घेटली की नदी मागं फिरती, अशी समजूत. आन माझ्या उभ्या जन्मात पाणी दगडाच्या वर आलेलं मी बघितलं न्हाय.

बायकांच्या म्होरं असायची चिमणाबाई. काठावरच्या खोपटात एकटीच ऱ्हायाची. डावा पाय अधू. एक पाय टाकायची, दुसरा ओढायची. एक्क्याऐंशीत ती गेली. मग त्या वाटंनं कोण जाईना. घरात नळ आलं हुतं, नदीवर कशाला जातंय कोण?

ब्याऐंशीत मुरमाच्या ट्रका आल्या. बुलडोझरनं दगड उपाटला आन ढिगाऱ्यात ढकलला. पिराजी, माझा दोस्त, तितं उभा हुता. त्येचं घर तवा नवं चाललेलं, पार वरच्या गल्लीत. मला म्हणाला, "आकाराम, आयाबायांनी पुजलेला दगड मुरमात जातोय. चल, उंबऱ्याला घिऊ."

मी म्हटलं, "अरं, देवाचा दगड उंबऱ्याला?"

"उंबऱ्याला रोज हळदकुकू लागतंय. हितं कोण लावणार हाय त्येला?"

मनानं वाईट न्हवता पिराजी. भक्तीनंच नेला त्येनं. आन बसवला मी. ह्या हातांनी. वळंब्यात धरून, चुन्यात.

दुसऱ्या वर्साची गोष्ट. श्रावणातला दुसरा शुक्रवार. एकोणीस ऑगस्ट. जिवतीची पूजा झालेली. घरात तीनच माणसं. पिराजी, त्येची सून अंबू आन तिचं तीन म्हयन्यांचं पोरगं, जोतीराम. जोतिबाला नवस करून झालेलं. पोराचा बाप शिरोलीच्या फौंड्रीत, रातपाळीला. आन पुलावर पाणी आल्यानं तिकडंच अडाकलेला.

पाऊस दुपारीच थांबला हुता. रात्री दहाला लाईट गेली. अंबूनं कंदील काढला तर काच तडाकलेली. पिराजी म्हणाला, "थांब, बाबालालच्या दुकानातनं काच आणतो." बाबालाल दुकानाच्या मागंच ऱ्हायाचा, कवाबी उठवा, कुरकुर न्हाय. त्येनं काच दिली, पेपरात गुंडाळून. म्हणाला, "पिराजीमामा, नदी कुठवर आलीया म्हणायची?"

"लांब हाय गा. खालच्या बाकड्यांवर बी न्हाय."

सांजच्याला सोता बघून आलता तो.

काच छातीशी धरून निघाला. नवा डांबरी रस्ता. दोन्ही अंगाला अर्धी झालेली घरं. दारं न्हाईत, खिडक्या न्हाईत. कोण ऱ्हात न्हाय. नुसत्या भिंती.

मधल्या वळणावर त्येला मागं आवाज आला.

छप.

मग काय तरी ओढल्यागत... सर्र.

रस्ता कोरडा हुता. पावसाचं पाणी केवाच वाहून गेल्यालं. पिराजी थांबला. आवाज थांबला.

चालला.

छप... सर्र.

छप... सर्र.

ती चाल त्येनं चाळीस वर्सं ऐकलेली. वळून बघितलं न्हाय त्येनं. मला म्हणाला, "आकाराम, मान फिरंना." घरात शिरला, कडी घातली, काच अंबूच्या हातात दिली. तिनं कंदील लावला. इचारलं, "मामा, घाम का आलाय?" ह्येनं सांगितलं न्हाय. नुसतं म्हणाला, "पोराला घिऊन आत बस."

घड्याळात अकरा वाजून वीस मिन्टं.

पोरगं रडत हुतं. एकदम गप झालं. डोळं उघडं, दाराकडं.

खिडकीच्या फटीतनं पिराजीनं कंदील धरला.

अंगणात पाणी.

आवाज न्हाय. लाट न्हाय. नुसतं चढत हुतं. घराला तीन पायऱ्या. खालची गेली. मधली गेली.

"मागच्या दारानं जाऊ," अंबू म्हणाली. मागचं दार उघडलं. तितं बी पाणी. काळं. कुठवर, दिसंना.

वरची पायरी गेली.

पाणी उंबऱ्याला लागलं... आन थांबलं.

छप.

सर्र.

दारात.

बाहीरनं बाईचा आवाज आला. दमलेला. लांबनं चालून आल्यागत.

"अंबू... ओटी भर गं. मला मागं जायाचं हाय."

...

अंबूनं पोरगं सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं. सूप घेटलं. तांदूळ. जिवतीच्या पूजेचा हिरवा खण. नारळ. पिराजीनं तिचा हात धरला.

"दार उघडू नगंस. पोराला बघ."

"पोरालाच बघतीया, मामा." अंबू म्हणाली. "श्रावणातल्या शुक्करवारी दारात आलेली बाई. रिकामी लावून द्यायची?"

तिनं कडी काढली.

कंदील इझला.

अंधार. गाळाचा वास. कुणीतरी पदर धरलेला हुता म्होरं. ओला. थंड. अंबूनं खण ठेवला. नारळ ठेवला. एक ओंजळ. दोन. तीन. चार. पाचव्याला तिच्या बोटांस्नी बोटं लागली...

तिनं हात मागं घेटला न्हाय. वाकली. उंबऱ्याला डोकं टेकलं.

लई वेळ काय न्हाय.

मग, सर्र.

छप.

पायऱ्यांवरनं खाली. अंगणातनं. रस्त्यानं. लांब... आनखी लांब...

पोरगं रडायला लागलं.

तात्या थांबले. समईची वात मी सारखी केली. जयसिंग हसत नव्हते. बाहेर कुठंतरी कुत्रं भुंकलं.

"सकाळी?" ह्यांनी विचारलं.

"सकाळी पिराजी माझ्या दारात. बोलवत न्हवतं त्येला. मी जाऊन बघितलं. अंगण कोरडं. रस्ता कोरडा. शेजारच्या भिंती कोरड्या. नदी खाली, बाकड्यांच्या बी खाली. उंबऱ्याचा दगड तेवडा ओला, बाहीरच्या अंगाला, बोटभर. आत थेंब न्हाय."

"सपान पडलं असंल त्यास्नी," जयसिंग हळू म्हणाले. "घाबरलेला माणूस..."

"मी बी तेच म्हणालो गा. पर सुपात तांदूळ न्हवता. खण न्हवता, नारळ न्हवता." तात्यांनी चंची परत कनवटीला खोचली. "पहार मारून त्याच दिवशी उंबरा काढला आमी. त्याच रात्री नदी फुगून जुन्या जागंवर चढली, ती तीन आठवड्यांनी उतरली, तवा दोघांनी दगड खांद्यावर घेटला आन खाली नेला. जुनी जागा म्या बरोब्बर दावली. खड्डा गाळानं भरलेला. खोऱ्यानं गाळ काढला, हातभर. खाली खण हुता. हिरवा. घडी केलेला. तीन आठवडं पाण्याखाली, गाळाखाली... आन कोरडा. आत पांढराशुभ्र तांदूळ. कोंब न्हाय, वास न्हाय. मी सोता बोट लावून बघितलं. खण तांदळासकट अंबूला दिला, तिनं ट्रंकंत जपून ठेवला."

"आन नारळ?" जयसिंगनी विचारलं.

"न्हवता. त्यो ठेवून घेटला म्हणायचं."

"मग दगड?"

"बसवला हुता तितंच. अजून हाय. तुमच्या प्लॉटात, नदीकडल्या टोकापासनं साठ पावलं वर. तुमास्नी घर पायजे त्येच्या खाली." ते ह्यांच्याकडे बघत राहिले. "दारात पाणी पायजे म्हणता न्हवं?"

हे म्हणाले, "तात्या, आता पायऱ्या बांधल्यात. भराव घातलाय. इंजिनेराचा नकाशा हाय."

"व्हय. नदीला दावलाय का कुणी त्यो नकाशा?"

लाईट आली. तात्या उठले आणि काठी टेकत गेले. त्या रात्री ह्यांना झोप नव्हती, मलाही नव्हती. पण सकाळी आंघोळ करून हे निमूट चुन्याची फक्की घेऊन निघाले ते नदीच्या टोकालाच. मी पूजेचं ताट घेऊन मागं गेले. मनात अंबाबाईला एवढंच म्हणत होते, आई, ह्यांचं मन वळव, नाहीतर माझं तरी धीट कर.

दगड तिथंच होता. आजपर्यंत मी त्याला बाभळीखालचा नुसता दगड समजत होते. मी खाली बसून त्याला हळदकुंकू लावलं. हे त्याच्याही खाली उतरले आणि पहिली खुंटी स्वतःच ठोकली. तात्या सुतळी हातात धरून वर उभे. जागचे हलले नाहीत.

"तात्या, या की."

तात्यांनी सुतळी मुठीला गुंडाळून घेतली.

तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी पळत आलं. आमच्याकडे रोज दूध घालणारी, दोन गल्ल्या पलीकडची अंबू. बोटाला धरलेलं पोरगं, तीन वर्षांचं, जोतीराम. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. रात्रभर जिची गोष्ट मनात घोळत होती, ती बाई रोज सकाळी माझ्या पातेल्यात दूध ओतत होती, आणि मी तिला कधी बस म्हटलं नव्हतं.

"वैनी, तात्या हितं हायत म्हणून कळलं," ती धापा टाकत म्हणाली. आम्ही तिथं काय करतोय ते तिला ठाऊकही नव्हतं. "तात्या, सणाचं पोराला अंगडं काढावं म्हणून ट्रंक उघडली. लुगडी कोरडी, अंगडी कोरडी. समदं कोरडं. ह्योच तेवडा..."

तिनं मूठ पुढं केली.

ह्यांनी बघितलं. मग वाकून स्वतः ठोकलेली खुंटी स्वतःच उपटली आणि वर चालू लागले, दगड ओलांडून, रस्त्याच्या टोकाकडे. आमचं घर तिथं झालं. आता श्रावणात आम्ही चौघी-पाचजणी सूप घेऊन खाली जातो. अंबू पुढं असते. पण ते सगळं नंतरचं.

त्या सकाळी मी अंबूच्या मुठीकडे बघत उभी होते. वैशाखाचं ऊन. खाली पंचगंगा गुडघाभरसुद्धा नव्हती, पोरं त्यातून चालत पलीकडे जात होती. आणि हिरव्या खणातून पाणी ठिबकत होतं, चुन्याच्या फक्कीवर, टप... टप. मी घडी उलगडली.

आत तांदळाच्या जागी बोटभर गाळ होता. ओला, काळा. पुरात येतो तसा.