गेरूगावचं मिटलेलं फूल

मंगळावरच्या गेरूगावात एक फूल होतं, आणि ते काही केल्या उघडत नव्हतं.

फूल म्हणजे बागेतलं नव्हे. टेकडीवरच्या खांबावर बसवलेलं, काळ्या चकचकीत पत्र्यांचं, उमललं की क्रिकेटच्या मैदानाएवढं पसरणारं. त्याच्या पत्र्यांवर सौरघट (सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या चकत्या) जडवले होते. जमिनीखाली राहणाऱ्या गेरूगावाचे दिवे, हवा, पाणी, सगळं या एका फुलाच्या जिवावर चालायचं. धुळीचं वादळ आलं की फूल पाकळ्या मिटून घ्यायचं, आणि वादळ सरलं की पुन्हा उमलायचं.

यंदाचं वादळ सरलं, आकाश निवळलं, पण फूल मिटलेलंच राहिलं.

फुलाच्या चार पाकळ्यांची टोकं ओढायला चार मोटारी होत्या. प्रत्येक मोटार फुलापासून सोडवून वेगळी चालवून पाहिली, ती ठणठणीत! एक बिजागरी तुटलेली नाही, एक पत्रा वाकलेला नाही. पृथ्वीवरच्या तज्ज्ञांनीही आराखडा उलटसुलट तपासला आणि ‘सगळं बरोबर आहे’ असा निरोप धाडला. सगळं बरोबर, फक्त फूल तेवढं उघडत नाही! हसावं की रडावं तेच कुणाला कळेना.

शाल्मलीला कळत होतं. ती सरळ रडत होती.

कारण साठवलेली वीज संपत आली होती, आणि गेरूगाव सोडून जायचं ठरलं होतं. यान तयार होतं. सगळे पृथ्वीवर परतणार होते. एकटे अण्णा सोडून.

अण्णा म्हणजे शाल्मलीचे आजोबा, श्रीधर टिल्लू. हे फूल त्यांनीच रचलं होतं. गेरूगावाचा पहिला दगड लागला तेव्हापासून ते मंगळावर होते. मंगळाचं गुरुत्वाकर्षण (ग्रहाची आपल्याला खाली ओढण्याची शक्ती) पृथ्वीच्या निम्म्याहूनही कमी. इतकी वर्षं हलकं हलकं जगून अण्णांची हाडं पापडासारखी झाली होती. यान उडतानाचा दाब त्यांना सोसला नसता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि अण्णांनी "बरं" म्हणून मान हलवली होती. त्या "बरं"चाच शाल्मलीला सगळ्यात जास्त राग आला होता.

ती अण्णांच्या खोलीत गेली तेव्हा ते अंधारातच बसले होते. राहत्या खोल्यांची वीज केव्हाच तोडली होती. तिनं हातातली विजेरी टेबलावर ठेवली.

"अण्णा, तुमच्या दिव्याचं बटण चालूच आहे."

"असू दे."

"पण वीज येणारच नाहीये ना?"

"नाही येणार," अण्णा म्हणाले. "तरी असू दे."

"आम्ही गेल्यावर तुम्ही काय करणार?"

"झोपा काढीन. एका म्हाताऱ्याला वीज अशी कितीशी लागते? पुरेल मला."

पुरणार नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होतं. शाल्मलीनं पाठीमागे लपवलेला कागद पुढे केला. रव्याच्या पुड्याचा खाकी कागद, पृथ्वीवरून आलेला. मंगळावर झाडच नाही, तर कागद कुठला! हा तिनं कितीतरी दिवस जपून ठेवला होता.

"मला फूल करायला शिकवा. तुमचं फूल."

"त्या फुलाचं नाव काढू नकोस माझ्यापुढे!" अण्णा कडाडले. मग तिचा चेहरा पाहून विरघळले. "आण इकडे. कडा नीट जुळव आधी. अर्धवट घडी मला चालत नाही."

ती ओरिगामी होती (कागद न कापता, न चिकटवता, नुसत्या घड्या घालून आकार करण्याची जपानी कला). अण्णांची बोटं थरथरत होती, पण घडी चुकत नव्हती.

"ही वर आलेली घडी, डोंगरघडी. ही आत गेलेली, दरीघडी. डोंगराशेजारी दरी, दरीशेजारी डोंगर. एकही घडी एकटी नाही, प्रत्येकीचा हात दुसरीच्या हातात. आता या एकाच पाकळीचं टोक ओढ बघू. हळू."

शाल्मलीनं ओढलं. मधला भाग गोल फिरला आणि चारही पाकळ्या एकदम उलगडल्या.

"मी तर एकच ओढली!"

"दार कसं हलतं? उघडतं नाहीतर मिटतं. तेवढंच. पतंग मात्र वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, कुठेही जातो. एखादी वस्तू किती वेगवेगळ्या तऱ्हांनी हलू शकते, त्या आकड्याला म्हणतात स्वातंत्र्यमात्रा. या फुलाची स्वातंत्र्यमात्रा एक, दारासारखी. घड्या पुष्कळ, पण हलायची वाट एकच. म्हणून एक हलली की सगळ्या हलतात." ते थांबले. "निदान कागदात तरी."

फूल मिटून त्यांनी तिच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. शाल्मली तशीच बाहेर आली. एवढा हुशार माणूस हरतो, हे तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

निरोपाचं जेवण कुणालाच गेलं नाही. गावाच्या प्रमुख हमीदाताई मुजावर बोलायला उभ्या राहिल्या आणि दोन वाक्यांतच खाली बसल्या. आई ताटातला भात नुसता चिवडत होती. अण्णांना दोघींनी बळेच आणून बसवलं होतं.

शाल्मलीनं कागदाचं फूल टेबलावर ठेवलं. "हे अण्णांसाठी आहे. आपण जाण्याआधी उघडूया."

आता, गेरूगावात काहीही उघडायचं म्हणजे एकट्यानं उघडत नसत. या गावाचा नियमच होता : एकाला तीन सोबती. परक्या ग्रहावर एखादी वस्तू बिघडली तर दुकान थोडंच आहे कोपऱ्यावर! म्हणून पंप चार, दोर चार, कुलपाच्या किल्ल्या चार. शाल्मलीचे दात घासायचे ब्रशसुद्धा चार होते. नवं दार उघडायचं तरी चौघांनी हात लावायचा. तेव्हा सवयीनं अण्णा, आई, हमीदाताई आणि शाल्मली यांनी एकेक पाकळी धरली.

"एक, दोन, तीन!"

फूल हललंच नाही. हमीदाताई म्हणाल्या, "जोर लावा!" सगळ्यांनी जोर लावला आणि कागद टर्रकन फाटला.

"सोडा! सोडा ना सगळे!" शाल्मली किंचाळली. तिच्या एकुलत्या एक कागदाच्या चिंध्या होणार होत्या. सगळ्यांनी दचकून हात मागे घेतले. हुंदके देत तिनं आपल्याच हातातली पाकळी ओढली, आणि फाटकं फूल अलगद उमललं.

ती रडायची थांबली.

"मघाशी कुणी धरून ठेवलं होतं?"

"धरलं कुणीच नाही गं," आई म्हणाली. "सगळे ओढतच होतो."

"मी जरा दमानंच ओढत होते, फाटेल म्हणून," हमीदाताई म्हणाल्या. "आणि अण्णांचे हात तर थरथरतात."

"म्हणजे मी पुढे गेले आणि तुम्ही मागे राहिलात," शाल्मली सावकाश म्हणाली. "पण फुलाला वाट एकच आहे. एक पाकळी पुढे आणि एक मागे, असं त्याला जमतच नाही! जो मागे राहतो, तो ओढत नसतो. तो धरून ठेवतो. अण्णा... टेकडीवरच्या मोटारी सगळ्या सारख्या पळतात?"

अण्णा उठून उभे राहिले होते. "नव्या होत्या तेव्हा पळायच्या," ते म्हणाले. "आता सावलीतल्या मोटारीचं वंगण गारठलंय, वाऱ्याकडच्या मोटारीत धूळ गेलीय. वेगळ्या चालतात झकास! एकत्र लावल्या की एकमेकींना ब्रेक लावतात. आणि आपण काय केलं? दर वेळी चौघींचा जोर वाढवला. अति तेथे माती!"

"मग तिघींना सोडायचं," शाल्मली म्हणाली.

हमीदाताईंचा चेहरा उतरला. क्लच (मोटार आणि यंत्र यांना जोडणारा, हवा तेव्हा सोडवता येणारा सांधा) सोडले की त्या तीन मोटारी ना ओढणार, ना धरणार. पण एकीच्या भरवशावर काहीही सोडायचं, हे गेरूगावात कुणी कधी केलं नव्हतं. आणि यानापुरती वीज बाजूला ठेवली, तर उरलेल्या विजेत एकच प्रयत्न बसत होता.

"एकीला झेपेल का, अण्णा?"

"झेपेल इतकी दणकट मीच केलीय तिला. बाकीच्या तिघी अडीअडचणीला सोबत म्हणून होत्या, एकदम ओढायला नव्हे."

"आणि नाही झालं तर?"

"तर मी तसाही इथेच आहे," अण्णा म्हणाले. आईनं तोंड फिरवलं.

तीन क्लच सुटले. पडद्यावर फूल काळ्या मुठीसारखं दिसत होतं. एकटी मोटार कण्हू लागली. फूल हललं नाही. विजेचा काटा खाली सरकत राहिला. हमीदाताईंचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला, आणि शाल्मलीनं डोळे मिटून घेतले. ती मनातल्या मनात म्हणत होती, हळू, अण्णांनी हळू सांगितलंय.

"थांबा!" कुणीतरी म्हणालं. तिनं डोळे उघडले. पाकळीच्या कडेवरून लाल धूळ घरंगळत होती. मग मधला भाग फिरला. डोंगर सपाट होऊ लागले, दऱ्या वर येऊ लागल्या, आणि एकीच्या मागोमाग नव्हे, तर चारही पाकळ्या एकदम उलगडत गेल्या.

लोक ओरडत होते, हमीदाताई पदराला डोळे पुसत तोडलेली वीज पुन्हा जोडत होत्या. शाल्मलीनं अण्णांचा हात धरला आणि त्यांना हळूहळू खोलीकडे नेलं.

"उद्या नवा आराखडा करू," ते वाटेत पुटपुटत होते. "सोबती तीन राहू देत, पण पाळी येईपर्यंत हात सोडून उभे राहतील असे. मग याहून मोठं फूल. गुरू ग्रहापाशी ऊन फार कोवळं असतं, तिथे मोठंच लागेल. तू करशील ते. घड्या नीट जुळवायच्या मात्र."

शाल्मलीनं दार ढकललं. खोलीत उजेड होता.

टेबलावरचा दिवा लागला होता. कुणीही बटणाला हात लावला नव्हता; अण्णांनी ते चालूच ठेवलं होतं. शाल्मलीनं फाटकं कागदी फूल त्याच्याखाली ठेवलं, आणि अण्णा मुलासारखे ढसाढसा रडले.